सत्तावन्न फाइलींची चूक

चिंतामण पागनीसशी माझी पस्तीस वर्षांची मैत्री, आणि त्यातली निम्मी मी त्याच्यावर चिडण्यात घालवली. कारण साधं होतं. या माणसाला स्वतःबद्दल कधी शंकाच येत नसे. रस्ता चुकला तर म्हणायचा, रस्ताच वाकडा केलाय. कुमुदिनीवहिनींनी स्वतःहून कबूल केलं की आज आमटी खारट झाली, तरी हा म्हणणार, "नाही, बरोबर आहे, मी मघाशीच चाखली होती." अशा माणसाशी भांडण करायचीही सोय नसते, कारण त्याला भांडण चाललंय हेच कळत नाही.

इंदूरच्या एका कापड मिलमध्ये आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो. मी टाइम ऑफिसात, तो फोल्डिंग खात्यात. साच्यावरून, म्हणजे मागावरून, उतरलेला कापडाचा ताका, म्हणजे आमच्या मिलच्या भाषेत थान, त्याच्या टेबलावर उलगडायचा. डाग, तुटका धागा, भोक, काय असेल ते त्याने शोधायचं, आणि थानाच्या कोपऱ्यावर ज्या साच्याचा शिक्का असेल त्या विणकराच्या नावावर ते मांडायचं. विणकरही काही कमी नव्हते. खराब थानावर शेजारच्या साच्याचा शिक्का हळूच मारून मोकळे व्हायचे. म्हणून खात्यात पक्का नियम होता: एका थानाला एकच नंबर. दोन दिसले तर पहिला खरा, दुसरा लबाडीचा, आणि दुसरा ब्लेडने खरवडून काढायचा. चिंतामणने हे एकवीस वर्षं केलं. विणकर हुज्जत घालायला आला की हा शांतपणे म्हणायचा, "भिया, कपडा झूठ नहीं बोलता." मग विणकराला गप्प बसावं लागायचं.

एक्क्याण्णव सालच्या शेवटी मिल बंद पडली. आधी वाटलं महिनाभर, मग सहा महिने, मग कुणी विचारायचंच सोडलं. मी राजेंद्र नगरात घराच्या पुढच्या खोलीत एसटीडीचा बूथ टाकला. नव्या जमान्यात फोन आणि पाउच या दोनच गोष्टींना मरण नाही, असं माझं ठाम मत होतं. म्हणून फोनच्या वर दोरीला गुटख्याच्या पाउचांच्या माळा लटकवल्या. माळेतले अर्धे पाउच गिऱ्हाईक न्यायचं, उरलेले मीच खायचो. मिलमध्ये कापसामुळे बिडी पेटवायची बंदी, त्यामुळे आमच्या अख्ख्या पिढीच्या गालात तंबाखू होता. मिल गेली, तंबाखू राहिला.

चिंतामणने चार महिने बेटम्याच्या एका व्यापाऱ्याकडे कापड मोजलं. पाचव्या महिन्यात त्याने गिऱ्हाइकांसमोरच सांगून टाकलं की शेटजींचा मीटर बोटभर आखूड आहे. शेटजींनी त्याला दुसऱ्या दिवशी यायची तसदी दिली नाही. पुढे वर्षभर तो घरीच होता. वहिनी शिवणाचे क्लास घ्यायच्या, त्यावर घर चालायचं, आणि हा घरात बसून क्लासच्या मुलींची काजं वाकडी आहेत हे दाखवून द्यायचा. मुली कमी व्हायला लागल्या तेव्हा वहिनीच मला म्हणाल्या, "भाऊजी, यांना कुठेतरी चिकटवा हो, नाहीतर माझाही धंदा बसेल."

त्र्याण्णवच्या दिवाळीआधी काम मिळालं. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात रेकॉर्ड रूममध्ये माणूस हवा होता. तिथल्या प्रमुख इंदुमती पुराणिक पूर्वी नर्स होत्या. त्यांनी याला एकच प्रश्न विचारला: "नंबर लावायचं काम केलंय का?" हा म्हणाला, "एकवीस वर्षं." बाईंनी त्याला सहा महिन्यांच्या ट्रायलवर ठेवून घेतलं.

काम असं होतं. पेशंट घरी गेला की त्याची फाइल रेकॉर्ड रूममध्ये यायची. तिथे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, जगभर चालणारं, त्यात प्रत्येक रोगाला एक नंबर. डॉक्टरांचं अक्षर लावायचं, रोग ओळखायचा, त्याचा नंबर फाइलवर टाकायचा. वर्ष संपलं की कोणत्या नंबराचे किती पेशंट आले याची बेरीज निघायची, आणि कुठे डॉक्टर वाढवायचे, काय बंद करायचं, हे ट्रस्टी त्या बेरजेवरून ठरवायचे. बाईंनी चिंतामणला आठ दिवस शिकवलं आणि त्या तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला दिल्लीला गेल्या. जाताना म्हणाल्या, "पागनीसजी, काही अडलं तर फाइल बाजूला ठेवा. मी आले की बघू." हा म्हणाला, "मॅडम, तुम्ही बेफिकर जा."

एकही फाइल त्याने बाजूला ठेवली नाही. वर्षभराचा तुंबलेला ढीग अडीच महिन्यांत साफ केला. रोज संध्याकाळी सायकल माझ्या बूथला टेकवून मला हिशेब द्यायचा: आज नव्वद, आज एकशे चार. हॉस्पिटलचे सुपरिंटेंडंट डॉ. प्रतापराव मुंगी स्वतः खाली येऊन त्याची पाठ थोपटून गेले. मार्चअखेर पक्कं करू म्हणाले. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला पुन्हा नोकरी लागते, हे राजेंद्र नगरात तेव्हा कुणाला खरं वाटलं नसतं. मलाही आनंद झाला, उगाच कशाला खोटं बोलू. पण त्याची ऐट वाढली ती वाढलीच. डॉक्टरांना अक्षर कसं काढावं हेसुद्धा तो शिकवायला लागला होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो छापील अहवाल घेऊनच आला. बूथमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. त्याने पान उघडून माझ्यासमोर धरलं.

"हे बघ. तोंडाचा कॅन्सर. मागच्या साली एकशे बारा, या साली एकसष्ट. अर्ध्यावर आला! मुंगीसाहेब म्हणाले, इतकी साफ बेरीज दहा वर्षांत पाहिली नाही."

"वा. मग आता?"

"मग परदेशीपुऱ्याची मंगळवारची ओपीडी बंद करणार. शनिवारी मीटिंग आहे. दोन डॉक्टर उगीच तिथे अडकलेत, लोक येतातच किती?"

ही ओपीडी मला माहीत होती. मिल एरियात एक खोली घेऊन हॉस्पिटलने आठ महिन्यांपूर्वी सुरू केली होती. मंगळवारी जायचं, तोंड उघडून दाखवायचं, फुकट. मी कधी गेलो नव्हतो. चिंतामण मला दर आठवड्याला जा म्हणायचा, आणि माझ्या माळांकडे बघून तोंड वाकडं करायचा. त्या दिवशी मला आयतीच संधी मिळाली. मी त्याच्या डोळ्यांदेखत एक पाउच फाडला आणि तोंडात टाकला.

"वर्षभर मी दुप्पट पाउच विकले रे, आणि कॅन्सर अर्ध्यावर! सगळं इंदूर माझ्या पाउचनी सुधरलं म्हणायचं. आता मला पिडू नको, उलट हार घाल."

मला वाटलं हसेल किंवा चिडेल. त्याने अहवाल माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा वाचला. मग खालची एक ओळ वाचली, ती त्याने मला दाखवली नव्हती: मानेच्या ग्रंथींचा कॅन्सर, मागच्या साली नऊ, या साली सहासष्ट.

"डाग कमी होत नसतात, शरद," तो म्हणाला. "तपासणारा बदलतो."

"म्हणजे?"

तो सायकल घेऊन निघून गेला. इतक्या वर्षांत मला उत्तर न देता गेल्याची ती पहिलीच वेळ.

पुढचं मला इंदुमतीबाईंनी सांगितलं. दिल्लीहून येऊन त्यांना चारच दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रेकॉर्ड रूममध्ये शिरल्या तर चिंतामण जमिनीवर बसलेला, भोवती मानेच्या गाठीच्या सगळ्या फाइली पसरलेल्या. त्याने एक फाइल त्यांच्यापुढे धरली. वरच्या ओळीत डॉक्टरांनी लिहिलं होतं, मानेत ग्रंथी वाढलेल्या, कॅन्सर. खालच्या ओळीत, उजवा गाल, आतून जखम. वरच्या ओळीसमोर १९६.० हा नंबर होता. खालच्या ओळीसमोर कागद खरवडलेला होता.

"मॅडम, याला दोन नंबर हवे होते का?"

बाईंनी कागद उजेडात धरून पाहिला. तिथे पूर्वी त्यांच्याच हातचा १४५.० होता, गालाचा.

"पागनीसजी, मानेतली ती गाठ तिथे जन्मत नाही. कॅन्सर गालात होतो, आणि दुर्लक्ष झालं की तिथून मानेच्या ग्रंथीत जातो. माणूस घर बदलतो ना, तसं. नवा पत्ता लिहायचा, पण जुना गाव खोडायचा नाही. म्हणून दोन नंबर. एक कुठून निघाला त्याचा, एक कुठे पोचला त्याचा. आणि बेरजेत निघाला तिथलाच धरायचा. हे कुणी खरवडलं?"

"मी," चिंतामण म्हणाला.

मिलमध्ये दुसरा नंबर म्हणजे लबाडी. एकवीस वर्षं बोटांना लागलेलं वळण. ढिगातल्या ज्या फाइलींवर बाईंनी आधी दोन नंबर घातले होते, त्यांचा दुसरा त्याने ब्लेडने काढला. ज्यांवर नव्हते, त्यांना पहिल्या ओळीचा एकच घातला. हे करताना त्याला बाईंची थोडी कीवही आली होती म्हणे, की एवढी शिकलेली बाई आणि एका फाइलीवर दोन-दोन नंबर टाकते! दुपारपर्यंत दोघांनी मोजलं. मानेच्या नवीन सहासष्टांपैकी नऊजणांचं मूळ डॉक्टरांनाच सापडलं नव्हतं. उरलेले सत्तावन्न, सगळ्यांचं मूळ तोंडात. एकसष्ट आणि सत्तावन्न, एकशे अठरा. कॅन्सर अर्ध्यावर आला नव्हता, सहाने वाढला होता.

तो तसाच मुंगीसाहेबांकडे गेला. मुंगी वाईट माणूस नव्हते, फक्त दमलेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि डोकं धरलं.

"अरे पागनीसजी, छपून गेलंय. भोपाळला सरकारकडेही गेलं. पुढच्या साली एडजस्ट करून टाकू, उगीच आता पंगा कशाला?"

"शनिवारी ओपीडी बंद होईल ना, साहेब."

"होईल तर होईल. पुढे पुन्हा चालू करू." मग त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलून दाखवला. "हे तुमचं मार्चअखेरचं कन्फर्मेशन. शनिवारनंतर सही करणार आहे. तुम्हीच मीटिंगमध्ये जाऊन म्हणालात की मी रेकॉर्ड खरवडलं, तर मी सही कशी करू, सांगा?"

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी होतो. मी स्पष्ट सांगितलं, गप्प बस. सत्तेचाळीसचं वय, बाजारात काम नाही, आणि त्या ओपीडीत कुत्रंसुद्धा जात नाही. मला खरोखर त्याची काळजी वाटत होती. शहाणपणा करून पुन्हा घरी बसला तर वहिनींनी किती ओढायचं? मी वहिनींकडे पाहिलं, म्हटलं त्या तरी माझ्या बाजूने बोलतील. त्या मशीनवर ब्लाउजला बाही जोडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "लोकांच्या चुका यांनी आयुष्यभर नावानिशी मांडल्या. आता स्वतःची मांडायला काय होतंय?"

चिंतामण म्हणाला, "मी जाणारच होतो." अर्थातच! त्याचा तोच जुना ठाम आवाज. मला इतका राग आला की चहा न घेता उठलो.

तरी शनिवारी माझ्या लुनावरून त्याला हॉस्पिटलात मीच सोडलं, आणि मीटिंगच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिलो. दार अर्धं उघडं होतं. ट्रस्टचे अध्यक्ष अप्पासाहेब, ऐंशीच्या घरातले, कानाला मशीन, म्हणून सगळे मोठ्याने बोलत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. ओपीडीचा विषय निघाला तसा चिंतामण उठला.

"अप्पासाहेब, अहवालातली बेरीज चुकीची आहे. तोंडाचे एकसष्ट नाहीत, एकशे अठरा आहेत."

"कुणाची चूक?"

"माझी. पूर्ण माझी. सत्तावन्न फाइलींवर मी एकेकच नंबर ठेवला, काहींवरचा तर ब्लेडने काढला. इंदुमतीबाई इथे नव्हत्या, त्यांचा काही संबंध नाही. यादी आणली आहे, खाली माझी सही आहे."

आत कागद चाळल्याचा आवाज आला. मग अप्पासाहेब म्हणाले, "चूक कबूल केलीत, ठीक. नंबर सुधारून घ्या. पण त्या ओपीडीत लोक येत नाहीत हे तर खरंच आहे ना?"

मला वाटलं, संपलं. नोकरीही गेली, ओपीडीही गेली. पण माझा चिंतामण एकवीस वर्षं विणकरांशी हुज्जत घालून तयार झालेला होता.

"अप्पासाहेब, हे सत्तावन्न लोक आपल्याकडे आले ते मानेला गाठ आल्यावर. म्हणजे उशिरा. त्याआधी सहा-आठ महिने यांच्या तोंडात जखम होती, आणि ती कुणी बघितली नाही. यातले एकोणचाळीस मिल एरियातले. मी पत्ते बघितलेत. ओपीडी यांच्याच गल्लीत आहे. लोक येत नाहीत कारण त्यांना तिथे काय होतं हेच माहीत नाही. ते मला सांगू द्या. हे सगळे माझ्या मिलचे लोक आहेत, मी त्यांना नावाने ओळखतो."

खोलीत बराच वेळ गलका चालला. शेवटी ठरलं, ओपीडी आणखी एक वर्ष चालू राहील. मुंगीसाहेबांनी त्याचं कन्फर्मेशन सही न करता परत नेलं. ट्रायल सहा महिने वाढली, आणि सगळ्या सत्तावन्न फाइलींवर लाल शाईने दुसरा नंबर घालून, प्रत्येक ठिकाणी तारीख टाकून सही करायची शिक्षा झाली. बाहेर येऊन हा मला म्हणाला, "सहा महिने म्हणजे काही जास्त नाहीत."

त्यानंतर दर रविवारी हा सायकलवर परदेशीपुरा, नंदानगर, पाटणीपुरा फिरायला लागला. जुन्या विणकरांच्या दारात उभा राहायचा आणि ज्याच्या थानात याने कधीकाळी भोकं काढली होती, त्यालाच म्हणायचा, "मंगळवारी ये, तोंड दाखव." लोकांनी आधी शिव्या दिल्या. मग पाचजण आले, मग बारा. एप्रिलमध्ये खोलीबाहेर बाक टाकावं लागलं.

मी गेलो तो मे महिन्यात, आणि चिंतामणचं ऐकून नाही. सकाळच्या पोह्यांवरचं तिखट जीरावन मला झोंबायला लागलं होतं. ज्या माणसाने जन्मभर वरून दोन चिमूट जास्तीचं मागून घेतलं, तो बिनमसाल्याचे पोहे खायला लागला. बायकोने दोनदा विचारलं. मी उन्हाचं निमित्त सांगितलं. मग एका मंगळवारी चिंतामणला न कळवता मी परदेशीपुऱ्याला गेलो. डॉ. अनुश्री म्हणून तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी टॉर्च लावला, डावा गाल बोटाने बाहेर ओढला, आणि आत बराच वेळ बघत राहिल्या. मग मानेवरून दोन्ही हात फिरवले, हळूहळू, कानाखालून गळ्याखालच्या हाडापर्यंत. आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो. मिल बंद झाली तेव्हासुद्धा नाही.

गालात कॅन्सर होता. पावलीएवढा. मानेत हाताला काही लागत नव्हतं, पण डॉक्टर म्हणाल्या, हाताला न लागणारंही असू शकतं. गालाबरोबर डाव्या बाजूच्या ग्रंथी काढून तपासायला पाठवू, त्यात निघालं तर पुढची ट्रीटमेंट मोठी. ऑपरेशन झालं. तोंडाला आणि मानेला पट्ट्या, नाकातून नळी, बोलायचं नाही. रिपोर्ट यायला आठ दिवस. ते आठ दिवस मी छताकडे बघत काढले. बायको रोज म्हणायची, सगळं ठीक होईल, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळायचं की तिलाही ते खरं वाटत नाही.

नवव्या दिवशी चिंतामण वॉर्डात आला. हातात कागद. डॉक्टर राउंडला यायच्या आधीच याने लॅबमधून रिपोर्ट मिळवला होता. हे नियमात बसत नव्हतं, आणि नियम मोडताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो पलंगाजवळ उभा राहिला.

"अठरा ग्रंथी काढल्या, शरद. अठराही तपासल्या. एकीतही काही नाही."

मी कागदाकडे हात केला.

"मी दोनदा वाचला," तो म्हणाला. "मग मला वाटलं, माझं चुकत असेल. म्हणून बाईंकडून वाचून घेतला. मग लॅबच्या डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा विचारलं. माझं चुकू शकतं ना. तुझ्या बाबतीत मला चुकायचं नव्हतं रे."

मला बोलता येत नव्हतं. मी त्याचा हात धरला, आणि सिस्टरने येऊन सोडवला तोवर सोडला नाही.